जनगणनेतील मराठी आणि एक सरळ रेषा : स्प्रेडशीटमधील समाश्रयण-फलितांचे वाचन

१

महाराष्ट्राबाहेर ज्या नगरांत मराठी समाज काही पिढ्यांपासून नांदत आला आहे, त्यांत रायपूरची गणना करावी लागेल. १७५८ पासून बिंबाजी भोसले यांनी रतनपूरहून छत्तीसगडचा कारभार पाहिला, त्या काळापासून मराठी कुटुंबे या प्रदेशात स्थिरावत गेली. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले. कुटुंबे मात्र येथेच राहिली. अशा नगरात मराठीच्या अभ्यासकाला एक प्रश्न वारंवार विचारला जातो : मराठी वाढते आहे की घटते आहे? हा प्रश्न केवळ जिज्ञासेचा नाही. अल्पसंख्य भाषेची शाळा चालू ठेवावी की नाही, ग्रंथालयाला अनुदान मागावे की नाही, विद्यापीठात त्या भाषेचा अध्यापक असावा की नसावा, या सर्व वादांत त्याचे उत्तर पुरावा म्हणून पुढे केले जाते.

अलीकडे हे उत्तर बहुधा एका आलेखाच्या रूपाने येते. जनगणनेचे आकडे स्प्रेडशीटमध्ये भरले जातात, बिंदूंमधून एक सरळ रेषा काढली जाते आणि आलेखाच्या कोपऱ्यात एक समीकरण व ‘आर स्क्वेअर’ नावाची संख्या छापली जाते. वाङ्मयाचे अभ्यासक या संख्येपुढे सहसा दोनच प्रकारे वागतात. काही तिला निमूटपणे शरण जातात, तर काही ती वाचण्याचेच नाकारतात. या दोन्ही भूमिका गैरसोयीच्या आहेत. समाश्रयणाचे फलित हीदेखील एक संहिता आहे आणि कोणत्याही संहितेप्रमाणे तिचे नीट वाचन करता येते. मराठीचेच आकडे घेऊन ते वाचन कसे करावे हे दाखविणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

प्रथम संज्ञेविषयी. ज्याला वर्गात सर्रास ‘रिग्रेशन’ म्हटले जाते, त्याला आपल्या परिभाषेत समाश्रयण म्हणतात. मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ ‘मागे परतणे’ असा आहे. १८८६ साली फ्रान्सिस गाल्टन याने आईवडिलांच्या व मुलांच्या उंचीचा अभ्यास प्रसिद्ध केला. फार उंच आईवडिलांची मुले उंच असली, तरी सरासरीकडे थोडी झुकतात असे त्याला आढळले. या झुकण्याला त्याने दिलेले नाव पुढे साऱ्या पद्धतीलाच चिकटले. रेषा काढण्याची रीत त्याहून जुनी आहे. प्रत्येक बिंदूचे रेषेपासूनचे उभे अंतर घ्यावे, त्याचा वर्ग करावा आणि सर्व वर्गांची बेरीज कमीत कमी होईल अशी रेषा निवडावी, ही लघुतम वर्गांची पद्धती लजांद्र याने १८०५ साली छापली. आजचे एक्सेल किंवा लिब्रेऑफिस कॅल्क हेच करते. फरक इतकाच की ते क्षणार्धात करते.

या क्षणार्धातच धोका आहे. जेव्हा ही आकडेमोड हाताने करावी लागे, तेव्हा प्रत्येक संख्या अभ्यासकाच्या डोळ्यांखालून जाई. आता संख्या डोळ्यांआड राहतात आणि फलित तेवढे समोर येते.

३

आपले आकडे पाच आहेत. मातृभाषा मराठी सांगणाऱ्या भारतातील व्यक्तींची संख्या, आणि कंसात तिचे एकूण लोकसंख्येशी प्रमाण, जनगणनेच्या भाषाविषयक कोष्टकात पुढीलप्रमाणे आहे :

१९७१ : ४,१७,६५,१९० (७.६२ टक्के)
१९८१ : ४,९४,५२,९२२ (७.४३ टक्के)
१९९१ : ६,२४,८१,६८१ (७.४५ टक्के)
२००१ : ७,१९,३६,८९४ (६.९९ टक्के)
२०११ : ८,३०,२६,६८० (६.८६ टक्के)

पहिल्या स्तंभात वर्ष व दुसऱ्यात संख्या (सोयीसाठी लाखांत) भरून समाश्रयण मागितले, तर स्प्रेडशीट जे फलित देते त्यातील मुख्य ओळी अशा : आर स्क्वेअर ०.९९६; स्टँडर्ड एरर १२.८७, निरीक्षणे ५, वर्षाचा सहगुणक १०.५०; त्या सहगुणकाची प्रमाण त्रुटी ०.४०७, टी २५.८, पी मूल्य ०.०००१३, इंटरसेप्ट उणे २०,२९०.

या ओळी एकेक करून वाचू. वर्षाचा सहगुणक म्हणजे रेषेचा चढ. या रेषेनुसार मराठी भाषकांची संख्या दर वर्षी सरासरी साडेदहा लाखांनी वाढली. या विधानातील ‘या रेषेनुसार’ हे शब्द कधीही गाळू नयेत. प्रत्यक्षात चार दशकांतील वाढ अनुक्रमे ७६.९, १३०.३, ९४.६ व ११०.९ लाख अशी असमान आहे. ती समान मानली तर किती मानावी, एवढेच चढ सांगतो.

इंटरसेप्ट, म्हणजे आंतरछेद, हा वर्ष शून्य असताना रेषा कोठे असेल ते दाखवितो. इसवी सन शून्य असे वर्षच नाही. तरी रेषेच्या मते तेव्हा मराठी भाषकांची संख्या उणे दोनशे तीन कोटी भरते. याचा अर्थ लावण्याचा प्रयत्न करू नये. हीच रेषा मागे नेत गेल्यास ती १९३२ च्या सुमारास शून्याला टेकते. प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट १९३२ सालचा आहे. आपल्या रेषेवर विसंबायचे तर तो समजणारा एकही प्रेक्षक त्या वर्षी अस्तित्वात नव्हता. आकड्यांची मर्यादा १९७१ ते २०११ ही आहे. तिच्या पलीकडे रेषा जाते, पुरावा जात नाही.

‘स्टँडर्ड एरर’ हे नाव फलितात दोन ठिकाणी येते आणि त्यांची गल्लत नेहमी होते. वरच्या भागातील १२.८७ ही संख्या बिंदू रेषेपासून साधारणपणे किती लाखांनी दूर आहेत ते सांगते. खालच्या कोष्टकातील ०.४०७ ही चढाविषयीची अनिश्चिती आहे. तिच्यावरूनच स्प्रेडशीट ९५ टक्क्यांची मर्यादा काढते : वर्षाला ९.२ लाखांपासून ११.८ लाखांपर्यंत. केवळ ‘साडेदहा लाख’ असे लिहिण्याऐवजी ही मर्यादा सोबत देणे अधिक प्रामाणिकपणाचे होय. पाच बिंदूंतून चढ व आंतरछेद या दोन गोष्टी काढल्यावर स्वातंत्र्यमात्रा फक्त तीन उरतात, हेही विसरून चालणार नाही.

४

आता ज्या संख्येने वाचक सर्वाधिक दिपून जातो, त्या आर स्क्वेअरकडे वळू. मराठी भाषकांच्या संख्येत वर्षागणिक जो फरक पडतो, त्यातील ९९.६ टक्के भाग रेषेने ‘स्पष्ट केला’, असा तिचा रूढ अर्थ सांगितला जातो. ‘स्पष्ट केला’ हे क्रियापद येथे फसवे आहे. वर्ष हे कशाचेही कारण नसते. लोक जन्मतात, मरतात, स्थलांतर करतात, मुलांशी एखादी भाषा बोलतात किंवा बोलत नाहीत. वर्ष केवळ पुढे सरकते. जी कोणतीही गोष्ट काळाबरोबर सातत्याने वाढते, तिचा वर्षाशी आर स्क्वेअर मोठाच येणार.

याची प्रचीती सहज घेता येते. मराठीच्या जागी भारताची एकूण लोकसंख्या ठेवा : त्याच पाच वर्षी ती सुमारे ५४.८२, ६८.३३, ८४.६३, १०२.८६ व १२१.०९ कोटी होती. समाश्रयण करा. आर स्क्वेअर ०.९९६ येतो, तीन दशांशस्थळांपर्यंत तोच. म्हणजे ज्या आलेखाला ‘मराठीचा उत्कर्ष’ असे शीर्षक द्यावेसे वाटते, त्याने भारतात माणसे वाढली यापलीकडे फारसे काही सांगितलेले नाही.

पी मूल्याचीही गोष्ट अशीच. वर्ष व संख्या यांत रेषीय संबंध मुळीच नसता, तर निव्वळ योगायोगाने इतका किंवा याहून तीव्र चढ मिळण्याची शक्यता ते सांगते. परंतु हा हिशेब निरीक्षणे परस्परांपासून स्वतंत्र आहेत असे धरून चालतो. २००१ साली मोजलेली बहुसंख्य माणसे २०११ सालीही मोजली गेली. दोन जनगणना म्हणजे दोन वेगळे नमुने नव्हेत. म्हणून ०.०००१३ ही संख्या पाहून ‘दहा हजारांत एखाद्या वेळीच चूक होईल’ असे म्हणणे अप्रस्तुत ठरते. पी मूल्यावरून संबंधाचे महत्त्व कळत नाही आणि कारण तर मुळीच कळत नाही.

५

आता दुसरा स्तंभ बदलू. संख्येऐवजी टक्केवारी ठेवून तीच आज्ञा दिली, तर चढ दर दशकाला उणे ०.१९६ टक्क्यांक, आर स्क्वेअर ०.९०० आणि पी मूल्य ०.०१४ असे फलित मिळते. ९५ टक्क्यांची मर्यादा उणे ०.३२ ते उणे ०.०८ अशी आहे. रेषा आता खाली उतरते आणि प्रचलित कसोटीनुसार हा उतारही ‘सार्थ’ ठरतो.

एकच कोष्टक, एकच पद्धती, आणि दोन परस्परविरोधी शीर्षके. दोन्ही आकडेमोडी अचूक आहेत. विरोध आहे तो प्रश्नांत. ‘मराठी बोलणारी माणसे किती?’ हा एक प्रश्न आणि ‘भारतीयांतील कितवा हिस्सा मराठी बोलतो?’ हा दुसरा. हिस्सा घटला म्हणजे कोणी मराठी सोडली असे सिद्ध होत नाही. महाराष्ट्रातील जननप्रमाण उत्तरेकडील मोठ्या राज्यांच्या आधी खाली आले, या एका गोष्टीनेही तो घटू शकतो. तसेच संख्या वाढली म्हणजे भाषेचे आरोग्य उत्तम आहे असेही नाही. वाचक, लेखक, शाळा आणि व्यवहार यांतील तिचे स्थान या स्तंभात कोठेही नोंदलेले नाही.

येथे एक तांत्रिक सावधगिरी सांगितली पाहिजे. एक्सेलच्या फलितात ‘मल्टिपल आर’ ही संख्या नेहमी धन असते. टक्केवारीच्या समाश्रयणात ती ०.९४९ अशी छापली जाते. सहसंबंध मात्र ऋण आहे. दिशा जाणून घ्यायची तर सहगुणकाचे चिन्ह पाहावे, मल्टिपल आर पाहून निष्कर्ष काढू नये.

आलेखावरील समीकरणाविषयीही सावध असावे. संख्या पूर्ण, म्हणजे लाखांत न आणता, भरल्या आणि विखुरलेल्या बिंदूंच्या आलेखावर रेषा काढली, तर समीकरण ‘१ई+०६ एक्स वजा २ई+०९’ अशा संक्षिप्त रूपात दिसते. कोणी या दिसणाऱ्या अंकांत २०११ हे वर्ष घातले, तर उत्तर येते एक कोटी दहा लाख. खरी संख्या आठ कोटी तीस लाख. सात कोटी मराठी माणसे केवळ अंकांच्या पूर्णांकनात नाहीशी झाली. उपाय सोपा आहे : समीकरणातील अंकांची दशांशस्थळे वाढवावीत, किंवा ‘लिनेस्ट’ या सूत्राने सहगुणक थेट घ्यावेत. तसेच बिंदूंच्या आलेखाऐवजी नुसता रेषालेख निवडला, तर एक्सेल वर्षे बाजूला ठेवून १, २, ३, ४, ५ असे क्रमांक वापरते. मग चढ १०५ दिसतो. तो वर्षाचा नसून दशकाचा असतो.

६

आतापर्यंत आपण स्तंभातील आकडे जसेच्या तसे स्वीकारले. साहित्याचा अभ्यासक पाठचिकित्सेशिवाय संहिता स्वीकारत नाही. मग आकडे तरी का स्वीकारावेत?

१९८१ साली आसामात आणि १९९१ साली जम्मू व काश्मीरमध्ये जनगणना होऊ शकली नाही. वरील कोष्टकातील त्या दोन वर्षांच्या टक्केवारीत हे प्रदेश भाजकात धरलेले नाहीत. तेथे मराठी भाषक अत्यल्प, पण लोकसंख्या मोठी. त्यांची अंदाजित लोकसंख्या मिळवून भाजक ६८.३३ व ८४.६३ कोटी धरला, तर ७.४३ च्या जागी ७.२४ आणि ७.४५ च्या जागी ७.३८ येते. या दोन घरांतील आकडे बदलताच चढ उणे ०.१७७, आर स्क्वेअर ०.८५ व पी मूल्य ०.०२६ होते. दिशा कायम राहिली, पण खात्री उणावली. कोष्टकाखालची तळटीप वाचण्याचे मोल एवढे आहे.

दुसरा प्रश्न ‘मराठी’ या शीर्षकाचाच आहे, आणि तो छत्तीसगडात बसून टाळता येत नाही. बस्तरमधील हलबी ही बोली ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणात मराठीला वाहिलेल्या सातव्या खंडात (१९०५) समाविष्ट आहे. जनगणना तिला स्वतंत्र भाषा म्हणून मोजते : २००१ साली सुमारे ५ लाख ९३ हजार आणि २०११ साली सुमारे ७ लाख ६६ हजार भाषक. ती मराठीत मिळविली, तर त्या दोन वर्षांची टक्केवारी सुमारे ०.०६ ने वाढते. उताराच्या दृष्टीने हा फरक किरकोळ आहे. परंतु हलबी भाषकाच्या दृष्टीने आपली भाषा कोणत्या स्तंभात लिहिली गेली हा प्रश्न किरकोळ नाही. तो निर्णय समाश्रयणाच्या आधी झालेला असतो आणि फलितात त्याची खूण उरत नाही.

तिसरी गोष्ट मातृभाषेची. जनगणना प्रत्येक व्यक्तीची एकच मातृभाषा नोंदविते. रायपूरशी ज्यांचे नाव कायमचे निगडित आहे ते माधवराव सप्रे (१८७१–१९२६) घरी मराठी बोलणारे. १९०० साली पेंड्र्याहून निघालेल्या ‘छत्तीसगढ मित्र’चे संपादन त्यांनी हिंदीत केले, आणि ‘दासबोध’ व टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले. असा माणूस कोष्टकात मराठीच्या बाजूला एक इतकाच दिसेल. दोन भाषांमध्ये त्याने बांधलेला पूल कोणत्याही घरात बसत नाही. तुलनात्मक साहित्याचा तर तोच विषय आहे.

७

सर्वांत मोहक, म्हणून सर्वांत धोक्याचे समाश्रयण दोन भाषांना एकमेकींसमोर उभे करते. त्याच पाच जनगणनांत हिंदी या शीर्षकाखालील टक्केवारी ३६.९९, ३८.७४, ३९.२९, ४१.०३ व ४३.६३ अशी आहे. हिंदीला कारण आणि मराठीला परिणाम मानून रेषा काढली, तर चढ उणे ०.१२ आणि आर स्क्वेअर ०.९२ येतो. ‘हिंदी एक टक्क्याने वाढली की मराठी सव्वादशांश टक्क्याने घटते’ असे वाक्य लिहिण्याचा मोह कोणालाही होईल, आणि ते वाक्य उद्या व्यासपीठावरून घोषणा म्हणून ऐकूही येईल.

या वाक्याला आधार नाही. पहिले कारण, दोन्ही स्तंभ काळाबरोबर आपापल्या ठरावीक दिशेने सरकत आहेत, एक वर आणि दुसरा खाली. असे कोणतेही दोन स्तंभ एकमेकांशी घट्ट जुळलेले दिसतात. दुसरे, टक्केवारींची बेरीज शंभरच व्हायची असते. एकीचा हिस्सा फुगला की इतरांना आक्रसावेच लागते. तिसरे कारण या भूमीतलेच आहे. ‘हिंदी’ या शीर्षकाखाली छत्तीसगढीही मोजली जाते. २०११ साली तिचे भाषक १ कोटी ६२ लाखांवर होते, म्हणजे भारताच्या लोकसंख्येच्या सुमारे १.३ टक्के. रायपूरच्या परिसरात छत्तीसगढी बोलणारे कुटुंब वाढले, तर त्यामुळे पुण्यातल्या घरातली मराठी घटली असे कोण म्हणेल? परंतु समीकरण नेमके तेच म्हणते, कारण त्याला स्तंभाचे नाव कळत नाही. त्यात भरलेल्या संख्या तेवढ्या कळतात.

सांख्यिकीच्या अभ्यासकांना ही मर्यादा चांगली ठाऊक आहे. एफ. जे. अँस्कम याने १९७३ साली चार कोष्टके रचून दाखविली. चारींची समाश्रयण-रेषा एकच (३ अधिक ०.५ एक्स) आणि आर स्क्वेअरही एकच, ०.६७. पण बिंदू कागदावर मांडले की एक संच रेषेभोवती विखुरलेला, दुसरा स्पष्ट वक्र, तिसऱ्यात एकच बिंदू बंडखोर, आणि चौथ्यात सारी रेषा एकाच बिंदूवर टेकलेली. म्हणून फलित वाचण्यापूर्वी बिंदू पाहावेत, आणि फलित वाचल्यावर अवशेष पाहावेत. अवशेष म्हणजे बिंदूंचे रेषेपासूनचे अंतर. आपल्या पहिल्या समाश्रयणातील अवशेष अधिक १०.३, उणे १७.८, अधिक ७.५, उणे ३.० व अधिक २.९ लाख आहेत. सर्वांत मोठा अवशेष १९८१ चा. त्या वर्षी मराठीची नोंद रेषेपेक्षा सुमारे अठरा लाखांनी कमी आहे आणि पुढच्या दशकात वाढ एकदम २६.३ टक्क्यांवर जाते. आधीच्या दशकात ती १८.४ व नंतरच्यात १५.१ होती. संशोधनाचा खरा प्रश्न येथे, रेषेपासून ढळलेल्या बिंदूत आहे. भाषेच्या इतिहासकाराने आपले काम तेथून सुरू करावे.

८

एक शेवटचा मुद्दा भाकितांविषयी. ही रेषा पुढे ओढली, तर २०२१ साठी ९.३२ कोटी मराठी भाषक मिळतात. केवळ पाच बिंदूंचा विचार करता भाकिताची मर्यादा सुमारे ८.७ ते ९.९ कोटी इतकी रुंद आहे. २०२१ साली व्हावयाची जनगणना त्या वर्षी झाली नाही; त्यामुळे या भाकिताला त्या वर्षी खोटे किंवा खरे ठरविणारा आकडाच निर्माण झाला नाही. ज्या ठिकाणी नोंद नाही तेथे रेषा नोंदीची जागा घेऊ पाहते, आणि धोरणे ठरविणाऱ्यांना ती सोयीचीही वाटते. अशा वेळी ‘हा आकडा मोजलेला आहे की काढलेला?’ एवढे विचारणे हे अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.

एकंदरीत समाश्रयणाच्या फलितापुढे बसताना पाच प्रश्न विचारावेत. स्तंभात काय मोजले आहे आणि ते नाव कोणी दिले? एकक कोणते, आणि चढ कोणत्या एककाचा? बिंदू किती आणि मर्यादा किती रुंद? अवशेष काय सांगतात? आणि याच कोष्टकातून दुसरा प्रश्न विचारला असता तर रेषा कोणत्या दिशेला गेली असती? यांपैकी एकाचेही उत्तर देण्यासाठी गणिताचे विशेष ज्ञान लागत नाही. संहितेचा कर्ता, तिचा पाठ, तिची परिभाषा आणि तिची मौने तपासण्याची जी सवय वाङ्मयाच्या अभ्यासाने आपल्याला लावली आहे, तीच येथे पुरते.

रायपुरात मराठीच्या वर्गात दहा विद्यार्थी बसले असतील, तर त्यांची संख्या कोणत्याही राष्ट्रीय रेषेचा चढ हलवू शकत नाही. त्यांचा वर्ग चालू ठेवायचा की नाही, हा निर्णय मात्र त्या रेषेकडे बोट दाखवून घेतला जाऊ शकतो. म्हणून ती रेषा आपल्याला वाचता आली पाहिजे.